रीड-ओन्ली डेबियन इमेजमध्ये /ईटीसी नेमके कोणाच्या मालकीचे मानावे?

प्रश्न

नमस्कार. दूध संकलन केंद्रावर वजनकाटा आणि फॅट मशीन यांच्याकडून आकडे घेऊन उत्पादकाची पावती छापणाऱ्या एका छोट्या संगणकाची लिनक्स इमेज (कार्डवर लिहायची संपूर्ण प्रणालीची तयार प्रत) मी गेली दोन वर्षे सांभाळतो आहे. सांगली जिल्ह्यातील केंद्रांवर अशी ४२ यंत्रे चालू आहेत. गावात वीज केव्हाही जाते, आणि यंत्र रीतसर बंद करूनच प्लग काढावा अशी अपेक्षा पहाटेच्या रांगेत कोणाकडूनच ठेवता येत नाही, म्हणून मूळ फाइलसिस्टीम पूर्णपणे रीड-ओन्ली (फक्त वाचता येणारी) ठेवली आहे. इमेज डेबियन १२ ची आहे. डीबूटस्ट्रॅप या साधनाच्या मिनबेस (किमान पॅकेजेसच्या) प्रकारापासून सुरुवात करून त्यावर लागतील तेवढीच पॅकेजेस घातली आहेत. मेमरी कार्डवर सारख्या मापाची दोन पार्टिशने आहेत. नवी इमेज वापरात नसलेल्या पार्टिशनवर लिहायची, बूटलोडर तिकडे वळवायचा आणि काही बिनसले तर जुन्या पार्टिशनवर परत यायचे, अशी पद्धत आहे. तिसरे छोटे पार्टिशन लिहिता येते आणि संकलनाच्या नोंदी त्यावर राहतात.

अडचण /ईटीसी या कॉन्फिग फाइल्सच्या डिरेक्टरीची आहे. केंद्रावर जाणाऱ्या तंत्रज्ञाला वायफायचा पासवर्ड, केंद्राचा क्रमांक आणि प्रिंटरचा पोर्ट बदलावा लागतो. त्यासाठी मी /ईटीसीवर ओव्हरलेएफएस (दोन डिरेक्टऱ्या एकीवर एक ठेवून एकच दाखवणारी फाइलसिस्टीम) बसवले: खालचा थर इमेजमधील /ईटीसी, वरचा थर तिसऱ्या पार्टिशनवरील डिरेक्टरी. हा ओव्हरले एफएसटॅबमधून (बूट होताना काय काय जोडायचे त्या यादीतून) माउंट होतो. वर्षभर या व्यवस्थेने काही त्रास दिला नाही.

गेल्या महिन्यात नवी इमेज पाठवली. तीत वजनकाटा वाचणारी आमची सेवा रूटऐवजी स्वतःच्या वेगळ्या यूजरखाली चालवायची असे ठरवले होते, आणि तो यूजर इमेज बांधतानाच तयार केला होता. कार्यशाळेतील चाचणीत सर्व नीट चालले. प्रत्यक्षात ४२ पैकी ९ यंत्रांवर ती सेवा सुरूच झाली नाही. बूट आणि सेवा सांभाळणारी सिस्टीम-डी २१७/यूजर एवढीच स्थिती दाखवत होती. त्यातील एका केंद्रावर मी स्वतः गेलो. इमेजमधील /ईटीसी/पासडब्ल्यूडी या यूजरांच्या यादीच्या फाइलमध्ये नवा यूजर होता, पण चालू यंत्रावर तीच फाइल उघडली तर तो नव्हता. मागे कधीतरी तंत्रज्ञाने त्या नऊ यंत्रांवर स्वतःसाठी एक यूजर जोडला होता. त्या दिवशी पासडब्ल्यूडीची संपूर्ण प्रत वरच्या थरात गेली, आणि तेव्हापासून इमेजमधील पासडब्ल्यूडी त्या यंत्रांना दिसतच नाही.

याच्या आधीचा अनुभवही सांगतो, कारण मूळ बहुधा तेच आहे. एका केंद्रावर गाईच्या आणि म्हशीच्या दुधासाठी दोन वेगळी यंत्रे आहेत. दोघांना राउटरकडून एकच आयपी पत्ता मिळत होता. शोध घेतल्यावर कळले की /ईटीसी/मशीन-आयडी ही यंत्राची ओळख असलेली फाइल इमेजमध्येच भरलेली गेली होती आणि सर्व यंत्रांवर तीच होती. मग मी ती फाइल इमेजमधून काढून टाकली, तर बूट होताना सिस्टीम-डी तक्रार करू लागली की मशीन-आयडी नाही आणि /ईटीसी रीड-ओन्ली आहे. पुढे नेटवर्कही उभे राहिले नाही. सध्या प्रत्येक कार्ड लिहिल्यावर हाताने वेगळी आयडी घालतो आहे, आणि हे फार काळ चालणारे नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे. जागा वाचवण्यासाठी मी टाइमझोनच्या फाइल्स काढल्या होत्या. पहाटे सव्वापाचला आलेल्या दुधाच्या पावतीवर आदल्या दिवशीची तारीख आणि रात्री पावणेबाराची वेळ छापली गेली. बिल दहा दिवसांचे असते, त्यामुळे ११ तारखेच्या पहाटेचे दूध एका संस्थेत आधीच्या बिलात धरले गेले, आणि उत्पादकाला त्याचे उत्तर मला द्यावे लागले.

माझा प्रश्न असा आहे: किमान इमेजमध्ये कोणती कॉन्फिग फाइल कोठे ठेवावी याचा काही पक्का नियम आहे का? ओव्हरले ठेवावा की काढावा? आणि जी यंत्रे आधीच केंद्रांवर आहेत, त्यांच्या वरच्या थराचे काय करावे?

प्रतिसाद १

पासडब्ल्यूडीची अडचण ओव्हरलेच्या स्वभावातच आहे. ओव्हरलेएफएस फाइलमधील ओळी एकत्र करत नाही. खालच्या थरातील फाइल लिहिण्यासाठी उघडली की ती पूर्ण फाइल वर नेली जाते, आणि त्यानंतर खालची फाइल कितीही बदलली तरी ती झाकलेलीच राहते. पुसलेल्या फाइलचेही तसेच होते: वरच्या थरात ० आणि ० क्रमांकांचे एक कॅरेक्टर डिव्हाइस ठेवले जाते, आणि पुढच्या प्रत्येक इमेजमधील त्या नावाची फाइल त्या खुणेमुळे अदृश्य होते. म्हणजे तुमच्या यंत्रांवर आणखी कोणत्या फाइल्स अशा गोठलेल्या आहेत याची यादी तुमच्याजवळ आधीच आहे. वरच्या थराची डिरेक्टरी हीच ती यादी. ४२ यंत्रांकडून ती एकदा मागवून घ्या. त्याआधी काहीही बदलू नये असे मी आग्रहाने सांगेन.

आता मालकीविषयी. फाइलसिस्टीमच्या प्रमाणकानुसार /ईटीसी ही त्या विशिष्ट यंत्राच्या कॉन्फिगरेशनची जागा आहे. तुम्ही इमेजमध्ये जे घालता ते ४२ यंत्रांवर अक्षरशः सारखे असते, म्हणजे व्याख्येनेच ते /ईटीसीचे नाही. इमेज बांधणारा माणूस स्वतःला प्रशासक समजतो आणि सवयीने /ईटीसीत लिहितो; पण केंद्रावरच्या यंत्राच्या दृष्टीने तुम्ही वितरक आहात, डेबियन जसे तुमच्यासाठी वितरक आहे तसे. वितरकाची जागा /यूएसआर/लिब ही आहे. हे एकदा मनात पक्के झाले की बाकीचे निर्णय बरेचसे आपोआप होतात.

सिस्टीम-डी आणि तिच्या सोबतची साधने एकाच नावाची फाइल आधी /ईटीसीत पाहतात, मग /रनमध्ये (दर बूटला नव्याने रिकाम्या होणाऱ्या जागेत), आणि शेवटी /यूएसआर/लिबमध्ये. या क्रमात एक खोच आहे, आणि ती मला बरीच उशिरा कळली. इमेजमध्ये तुम्ही /ईटीसीत फाइल ठेवली, तर बूट होताना /रनमध्ये तयार केलेली त्याच नावाची फाइल तिच्यावर कधीच मात करू शकत नाही. तेव्हा सर्व यंत्रांना समान असलेले कॉन्फिग /यूएसआर/लिबमध्ये ठेवा. केंद्राचा क्रमांक, वायफाय आणि प्रिंटर या तीन गोष्टी तिसऱ्या पार्टिशनवरील एकाच साध्या फाइलमध्ये ठेवा, आणि बूटच्या सुरुवातीला एका छोट्या सेवेने ती फाइल वाचून लागणाऱ्या कॉन्फिग फाइल्स /रनमध्ये तयार कराव्यात. नेटवर्कडी ही नेटवर्क उभे करणारी सेवा /रन/सिस्टीमडी/नेटवर्कमधील फाइल्स वाचते. तंत्रज्ञाला मग /ईटीसीत शिरण्याचे कारणच उरत नाही, आणि त्याने भरलेली फाइल चुकीची असेल तर तपासणीही एकाच ठिकाणी करता येते.

ज्या प्रोग्रामना /ईटीसीशिवाय दुसरी जागा ठाऊकच नाही, त्यांच्यासाठी टीएमपीफाइल्स हे बूटच्या वेळी फाइल्स तयार करणारे सिस्टीम-डीचे साधन वापरा. मूळ प्रत /यूएसआर/शेअर/फॅक्टरी/ईटीसीमध्ये ठेवायची आणि टीएमपीफाइल्सच्या एका ओळीने /ईटीसीत तिची प्रत किंवा सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) करायची. शक्य तेथे सिमलिंकच करा, कारण प्रत केली की ती पुन्हा गोठते.

तुमच्या यूजरसाठी इमेज बांधताना यूजरअ‍ॅड चालवण्याऐवजी /यूएसआर/लिब/सिसयूजर्स.डीमध्ये एक फाइल ठेवा. तिच्यात एकच ओळ लागते: प्रकार दाखवणारे यू हे अक्षर, यूजरचे नाव आणि यूआयडी (यूजरचा क्रमांक). बूट होताना सिस्टीमडी-सिसयूजर्स चालू यंत्रावरील पासडब्ल्यूडी पाहते आणि त्यात नसलेला यूजर जोडते. असलेल्या ओळींना हात लावत नाही. तंत्रज्ञाचा यूजर आणि तुमचा यूजर अशा रीतीने एकाच फाइलमध्ये नांदतील. यूआयडी मात्र ठरवूनच द्या. तो न दिल्यास ९९९ पासून खाली उतरत जो मोकळा सापडेल तो घेतला जातो, आणि यंत्रागणिक वेगळा निघतो; मग तिसऱ्या पार्टिशनवरील फाइल्सची मालकी एके दिवशी भलत्याच यूजरकडे गेलेली दिसते.

यात एक अट ध्यानात ठेवावी लागते. सिसयूजर्सची सेवा प्रत्येक बूटला चालत नाही. /यूएसआर या डिरेक्टरीवरील वेळ /ईटीसी/.अपडेटेड या फाइलमधील नोंदीपेक्षा नवी असेल तरच ती चालते. इमेज दर वेळी बिटाबिटाने सारखी यावी म्हणून काही जण सर्व फाइल्सची वेळ एकाच ठरावीक तारखेला बांधतात. तुम्हीही तसे करत असाल तर नव्या इमेजची /यूएसआर जुन्याहून नवी दिसणार नाही आणि सेवा गुपचूप वगळली जाईल. इमेज बांधण्याच्या शेवटच्या पायरीत /यूएसआरची वेळ त्या आवृत्तीच्या तारखेला आणून ठेवा.

मशीन-आयडीविषयी. नेटवर्कडी डीएचसीपीसाठी (राउटरकडून पत्ता मागण्यासाठी) स्वतःची जी ओळख पाठवते ती मशीन-आयडीवरून काढलेली असते. सारख्याच बनावटीच्या दोन यंत्रांवर सारखीच मशीन-आयडी असेल तर राउटरला ते एकच यंत्र वाटते. गाईच्या आणि म्हशीच्या यंत्रांचे तेच झाले. ती फाइल काढून टाकणे हा उपाय फक्त /ईटीसी लिहिता येत असेल तेव्हाच चालतो. तुमचा ओव्हरले एफएसटॅबमधून माउंट होतो, आणि पहिली प्रक्रिया मशीन-आयडी त्याच्या पुष्कळ आधी पाहते. त्या क्षणी तिला खालची रीड-ओन्ली /ईटीसीच दिसते. ओव्हरले ठेवायचाच असेल तर तो इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीत), मूळ फाइलसिस्टीमकडे वळण्यापूर्वी माउंट झाला पाहिजे.

इमेजमध्ये मशीन-आयडीची फाइल असावी, पण रिकामी. रिकाम्या फाइलवर सिस्टीम-डी तात्पुरती आयडी माउंट करते आणि /ईटीसी लिहिता येऊ लागल्यावर ती कायमची लिहिते. फाइल रिकामी न ठेवता तीत अनइनिशिअलाइज्ड हा शब्द लिहिला, तर तो यंत्राचा पहिला बूट मानला जातो आणि पहिल्या बूटसाठी राखलेल्या सेवाही चालतात. एसएसएच (दुरून लॉगिन करण्याच्या) सर्व्हरच्या किल्ल्या तयार करणारी सेवा तशी बांधता येते. त्या किल्ल्या इमेजमध्ये आहेत का, हे कृपया आजच पाहा. असतील तर ४२ यंत्रांची खासगी किल्ली एकच आहे, आणि एक कार्ड हरवले तर ती किल्ली सर्वांचीच गेली.

प्रतिसाद २

टाइमझोनपुरते लिहितो. टीझेड या टाइमझोन सांगणाऱ्या चलात एशिया/कोलकाता लिहिलेले असेल आणि ती फाइल नसेल, तर जीलिबसी ही मूळ लायब्ररी कोणतीही तक्रार न करता यूटीसी (ग्रीनिचची वेळ) धरते. डेट ही आज्ञा चालवून पाहा: उत्तरात आयएसटीच्या जागी एशिया असा शब्द दिसेल. एशिया हे तिला झोनचे संक्षिप्त नाव वाटते आणि त्याचा फरक ती शून्य मानते. पुष्कळदा लोक आकड्यांकडे पाहतात आणि या शब्दाकडे त्यांचे लक्ष जात नाही.

उपाय दोन आहेत. टीझेडमध्ये आयएसटी-५:३० असे लिहिले तर कोणत्याही फाइलची गरज पडत नाही. या पद्धतीत ग्रीनिचच्या पूर्वेकडील प्रदेशांना उणे चिन्ह असते, म्हणून अधिक लिहू नये; तसे केल्यास घड्याळ बरोबर ११ तास मागे दिसते. भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नाही, त्यामुळे हे पुरेसे आहे. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे: झोनइन्फोमधील फक्त कोलकात्याची फाइल ठेवा. ती ३०० बाइटांच्या आत आहे. डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या कॉन्फिगमध्ये पाथ-एक्सक्लूडने संपूर्ण झोनइन्फो वगळून, त्याखाली पाथ-इन्क्लूडने एवढी एक फाइल परत घ्यावी, म्हणजे पॅकेज नव्याने बसले तरी निवड टिकते. जी फाइल नसल्याचे कोणताही प्रोग्राम सांगत नाही, ती जागा वाचवण्यासाठी काढू नये असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादातील मालकीचा विचार मला पूर्ण मान्य आहे, पण त्या विचारानुसार चालायचे तर ओव्हरले ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि तो काढावा असे मी म्हणेन.

हीच अडचण फेडोरा या लिनक्सच्या, ओएसट्री या इमेज लावणाऱ्या साधनावर आधारलेल्या प्रणालींनाही आली होती. ओएसट्री इमेजमधील मूळ कॉन्फिग /यूएसआर/ईटीसीमध्ये ठेवते. नवी इमेज लावताना ती जुनी /यूएसआर/ईटीसी, नवी /यूएसआर/ईटीसी आणि चालू /ईटीसी या तिन्ही ताडून पाहते. यंत्रावर ज्या फाइलला कोणी हात लावलेला नाही ती नव्या इमेजमधून येते. जी बदललेली आहे ती तशीच राहते. ओव्हरलेपेक्षा हे सुरक्षित आहे, आणि काय बदलले आहे ते ओएसट्रीच्या कॉन्फिग-डिफ या आज्ञेने दिसते. तरीही तुलना होते ती पूर्ण फाइलची, ओळींची नाही. यंत्रावर एक यूजर जोडला की पासडब्ल्यूडी बदललेली ठरते आणि इमेजमधील नवे यूजर दिसेनासे होतात, म्हणजे तुमच्या नऊ केंद्रांवर जे झाले तेच. म्हणून तेथे प्रणालीचे यूजर /यूएसआर/लिब/पासडब्ल्यूडीमध्ये नेले गेले, आणि एनएसएस-ऑल्टफाइल्स या मॉड्यूलद्वारे एनएसस्विचच्या (यूजर कोठे शोधावेत ते सांगणाऱ्या) कॉन्फिगमध्ये ती दुसरी फाइल वाचण्याची सोय केली गेली. इतक्या काळजीपूर्वक केलेल्या तीन-पदरी तुलनेलाही एकाच फाइलचे दोन मालक झेपले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते.

अल्पाइन या छोट्या लिनक्सची डिस्कलेस पद्धतही पाहण्यासारखी आहे. मी ती दोन ठिकाणी वापरतो. त्यात संपूर्ण प्रणाली बूटच्या वेळी रॅममध्ये उभी राहते, आणि /ईटीसीतील बदल एलबीयू कमिट ही आज्ञा दिल्याशिवाय टिकत नाहीत. कमिट केले की ते एका दाबलेल्या टार फाइलमध्ये जातात आणि पुढच्या बूटला परत उलगडतात. पॅकेजची नवी कॉन्फिग तुमच्या बदललेल्या फाइलवर न येता शेजारी .एपीके-न्यू या शेपटाने ठेवली जाते. तंत्रज्ञ कमिट करायला विसरला तर त्याचे काम पुढच्या बूटला नाहीसे होते, ही या पद्धतीची अडचण आहे. पण तुमच्यासारख्या ठिकाणी, जेथे वीज रोज जाते, तेथे विसरलेला बदल दुसऱ्याच दिवशी उघड होतो. ओव्हरलेमध्ये तो वर्षभराने, नव्या इमेजसोबत उघड झाला.

तुम्ही डेबियनवरच राहणार असाल तर /ईटीसी रीड-ओन्ली करा आणि रिझॉल्व्ह.कॉन्फसारख्या, चालू असताना बदलणाऱ्या फाइल्सचे सिमलिंक /रनकडे वळवा. मशीन-आयडी तिसऱ्या पार्टिशनवर ठेवून इनिटरॅमएफएसमध्ये इमेजमधील रिकाम्या फाइलवर बाइंड माउंट करता (म्हणजे तिच्या जागी दिसेल अशी जोडता) येते. एक सावधगिरी: सिसयूजर्सला पासडब्ल्यूडीत लिहावे लागते, म्हणून /ईटीसी पूर्ण रीड-ओन्ली केल्यास ती आज्ञा इमेज बांधतानाच चालवून घ्यावी लागेल आणि तंत्रज्ञाला यंत्रावर यूजर जोडता येणार नाही. माझ्या मते तो तसा जोडता येऊही नये. सर्व तंत्रज्ञांसाठी इमेजमध्ये एकच यूजर असावा आणि प्रत्येकाची सार्वजनिक किल्ली तिसऱ्या पार्टिशनवर असावी.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ४२ पैकी ३७ यंत्रांकडून वरच्या थराची यादी मागवता आली. मला वाटले होते त्याहून ती लहान आहे: वायफायची फाइल सर्वत्र आहे, पासडब्ल्यूडी, शॅडो आणि ग्रुप त्या नऊ ठिकाणी आहेत, आणि चार यंत्रांवर एसएसएचची कॉन्फिग आहे. दोन ठिकाणी पुसल्याची खूणही सापडली. तेथे कोणीतरी लॉग फिरवण्याची आमची फाइल काढून टाकली होती. एसएसएचच्या किल्ल्या खरोखरच इमेजमध्ये होत्या. त्या सर्व यंत्रांवर नव्याने तयार करण्याचे काम कालच सुरू केले.

दोन गोष्टी अजून उलगडत नाहीत. पहिली अशी की, पासवर्डने लॉगिन बंद करणारी ५० या आकड्याने सुरू होणारी फाइल मी एसएसएचडी_कॉन्फिग.डीमध्ये ठेवली आहे. त्या चार यंत्रांवर तंत्रज्ञाची १० ने सुरू होणारी फाइल आहे आणि ती पासवर्डला परवानगी देते. नंतर येणारी फाइल आधीच्या फाइलवर मात करते असे मी धरून होतो, पण प्रत्यक्षात पासवर्ड चालतो. दुसरी अशी की, इमेज बांधण्याच्या पहिल्या टप्प्यात मी जागेसाठी /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ पुसली होती. नंतर तिची गरज पडली म्हणून पॅकेज पुन्हा बसवले, तरी ती फाइल परत येत नाही.

प्रतिसाद ४

दोन्हींची उत्तरे त्या त्या प्रोग्रामच्या नियमात आहेत, आणि हे नियम एकसारखे नाहीत.

एसएसएच सर्व्हर प्रत्येक पर्यायाची पहिली सापडलेली किंमत धरतो. नंतरच्या ओळी तो दुर्लक्षित करतो. डेबियनच्या मुख्य फाइलमध्ये इन्क्लूडची ओळ मुद्दाम वर ठेवलेली आहे, ती याचसाठी. त्यामुळे तेथे १० ची फाइल ५० वर मात करते. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) आणि सिस्टीम-डीच्या ड्रॉप-इनमध्ये (मूळ फाइलला जोडलेल्या छोट्या फाइल्समध्ये) उलट असते: नंतरची किंमत टिकते. तेथेही यादीच्या स्वरूपाचे पर्याय एकात एक मिळवले जातात. उदाहरणार्थ सेवेची एक्झेकस्टार्ट (चालवायची आज्ञा) बदलायची असेल तर आधी ती रिकामी लिहून मग नवी लिहावी लागते. फाइलच्या नावाचेही नियम आहेत. रूटचे अधिकार देणाऱ्या सूडोअर्स.डीमध्ये नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही, आणि ठरल्या वेळी कामे चालवणारे डेबियनचे क्रॉनही क्रॉन.डीमधील अशी फाइल सोडून देते. माझ्या सहकाऱ्याने एकदा रोजच्या बॅकअपच्या फाइलला शेवटी .कॉन्फ लावले होते, आणि बॅकअप होत नाही हे दीड महिन्याने कळले. तेव्हापासून इमेजच्या चाचणीत मी फाइल जागेवर आहे का एवढे पाहत नाही. प्रोग्रामला स्वतःला विचारतो. एसएसएचडीला मोठ्या टी अक्षराचा पर्याय दिला की तो सर्व फाइल्स वाचून अखेरीस ठरलेल्या किमती छापतो. सिस्टीम-डीसाठी सिस्टीमडी-डेल्टा ही आज्ञा कोणती फाइल कोणावर मात करते ते दाखवते. ही दोन्ही उत्तरे इमेज बांधताना साठवून ठेवा आणि पुढच्या आवृत्तीच्या उत्तरांशी ताडून पाहा.

लॉगरोटेटविषयी: डीपीकेजीच्या हिशेबात ती फाइल कॉन्फफाइल (प्रशासक बदलू शकतो अशी कॉन्फिग फाइल) आहे. कॉन्फफाइल पुसणे हाही प्रशासकाचा निर्णय मानला जातो आणि डीपीकेजी त्याचा मान राखते, म्हणून पॅकेज पुन्हा बसवले तरी ती परत येत नाही. नुसते पॅकेज काढून पुन्हा घातले तरीही येत नाही. पर्ज केले (कॉन्फिगसकट पॅकेज काढले) तर येते, किंवा फोर्स-कॉन्फमिस हा पर्याय दिला तर येते. सर्व्हरवर हा नियम योग्यच आहे. इमेज बांधताना मात्र तुम्ही प्रशासक या नात्याने काही ठरवलेले नसते, फक्त जागा वाचवलेली असते, आणि डीपीकेजीला तो फरक कळण्याचा मार्ग नाही. म्हणून बांधणीच्या मधल्या टप्प्यात /ईटीसीतील काहीही पुसू नये. नको असलेली कागदपत्रे आणि भाषांतरे पाथ-एक्सक्लूडने आधीच वगळावीत. /ईटीसीतून जागा वाचतेच किती? माझ्या एका इमेजची संपूर्ण /ईटीसी दोन मेगाबाइटांहून कमी आहे.

याच्याच जोडीची आणखी एक गोष्ट. डेबकॉन्फला (पॅकेज बसताना प्रश्न विचारणाऱ्या साधनाला) नॉनइंटरॅक्टिव्ह, म्हणजे प्रश्न विचारू नको, असे सांगितले म्हणजे बांधणी कोठे अडणार नाही असे बरेच जण धरतात. बदललेल्या कॉन्फफाइलविषयीचा प्रश्न डेबकॉन्फ विचारत नाही, डीपीकेजी स्वतः विचारते. त्यासाठी फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय वेगळे द्यावे लागतात. पण पहिल्या प्रतिसादाप्रमाणे तुमचे सर्व काही /यूएसआर/लिबमध्ये किंवा ड्रॉप-इनमध्ये असेल, तर डेबियनची कोणतीही कॉन्फफाइल बदललेली नसेल आणि तो प्रश्न यायला नको. मी तर बांधणीत हे पर्याय मुद्दाम देत नाही, आणि तो प्रश्न आला की बांधणी बंद पडू देतो. कोणीतरी वितरकाची फाइल जागेवरच बदलली आहे हे त्यातून त्याच दिवशी कळते.

प्रश्नकर्ता

एसएसएचडीला विचारून पाहिले; चारही यंत्रांवर पासवर्ड चालू असल्याचे तो स्वतःच सांगतो. आमच्या फाइलचे नाव ०० ने सुरू होईल असे केले आहे.

ओव्हरलेविषयी मी असे ठरवले आहे. नव्या इमेजमध्ये /ईटीसी रीड-ओन्ली राहील, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या तिसऱ्या पार्टिशनवर जातील, आणि केंद्राची एकच फाइल वाचून बाकीचे /रनमध्ये तयार होईल. जुना वरचा थर पुसणार नाही. जुन्या पार्टिशनवर परत यावे लागले तर त्या इमेजला तो लागेलच. नवी इमेज त्या डिरेक्टरीकडे पाहणारही नाही. वायफायचा पासवर्ड तेवढा पहिल्या बूटला जुन्या थरातून वाचून केंद्राच्या फाइलमध्ये आणावा लागेल, नाहीतर गावोगाव फिरावे लागेल.

कार्यशाळेतील तीन यंत्रांवर हे चार दिवस चालवले. दर तासाला वीज तोडून पाहिली, दोन्ही पार्टिशनांवर आलटून पालटून बूट केले. तिन्ही यंत्रांना वेगळे आयपी पत्ते मिळतात, आणि पहाटे सव्वापाचची चाचणीची पावती त्याच दिवसाच्या तारखेने छापली जाते. येत्या सोमवारी गाईच्या आणि म्हशीच्या यंत्रांच्या त्या केंद्रावर पहिली दोन कार्डे बदलणार आहे. यादी न मिळालेल्या पाच यंत्रांवर मात्र वरच्या थरात काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय नवी इमेज पाठवणार नाही.